तळाला भोकं पाडलेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली मला पाहून कोणाच्या ते लक्षात येत नाही. परवाच एक पाहुणी बाई माझ्या काठावर हात ठेवून फोटो काढून घेत होती. नवऱ्याला म्हणाली, "अहो, केवढी मोठी कुंडी आहे बघा!" कुंडी! ज्या अंगावर दर्याच्या लाटा झेलल्या, त्या अंगाला कुंडी म्हणतात. राग आला हो, पण राग येऊन करते काय? पोटात माती भरलेली, मातीत गवती चहा लावलेला, आणि टोकाकडे बोगनवेल. तिला भर उन्हाळ्यात इतकी फुलं येतात की माझं तोंडसुद्धा दिसत नाही.

मलेशियातल्या तेरंगानूच्या किनाऱ्यावर, नदी जिथे समुद्राला मिळते तिथे हे हॉटेल आहे. माझं गाव इथून हाकेच्या अंतरावर. वारा तिकडून आला की सुकत घातलेल्या मासळीचा वास येतो. माझ्या शेजारी एक हिरवी पाटी आहे. मला वाचता येत नाही, पण येणारे-जाणारे मोठ्याने वाचतात म्हणून कळलं. हे हॉटेल म्हणे पर्यावरणस्नेही आहे. हा शब्द माझ्या आयुष्यात तीनदा आला. पहिल्यांदा आला तेव्हा मी वाईट ठरले. दुसऱ्यांदा आला तेव्हा मीच चांगली ठरले. तिसऱ्यांदा काय झालं ते शेवटी सांगेन. ते एकदम सांगायचा धीर होत नाही.

माझा जन्म चेंगालच्या झाडातून झाला. चेंगालचं लाकूड इतकं टणक की वाळवीही त्याच्या वाटेला जात नाही. मला बांधलं देरामान नावाच्या सुताराने. तो कागदावर रेघ मारून होडी बांधत नसे. डोळे बारीक करून बघायचा, तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा आणि फळीला फळी जोडत जायचा. लोखंडी खिळा त्याला खपत नसे; लाकडाच्याच खुंट्या. दोन फळ्यांच्या मधे गेलामच्या झाडाची पापुद्र्यांची साल ठोकून बसवायची. पाणी लागलं की ती साल फुगते आणि फट मिटते. म्हणून मित्रांनो, लाकडी होडीला बाहेरून ओलावा लागतो. उन्हात नुसती पडून राहिली की तिच्या फळ्या आक्रसतात, साल सुटते आणि तिच्यात काही राम राहत नाही. होडी बाहेरून ओली हवी आणि आतून कोरडी.

मला बांधून घेतलं ते सेमानने. तेव्हा तो तरणाबांड होता, नुकतं लग्न झालेलं. मला पाण्यात लोटायच्या दिवशी देरामानने त्याला दम दिला, "हिला उन्हात तहानलेली ठेवलीस ना, तर घरी येऊन तुझे कान उपटीन!"

सेमान म्हणाला, "कान तेवढे सोड रे बाबा. कानांवरच तर पोट आहे माझं."

त्यात काही थट्टा नव्हती. आमच्या किनाऱ्यावर मासे कानांनी शोधायची रीत होती. प्रत्येकाला ते जमत नसे, गावात एखाद्यालाच. सेमानला त्याच्या बापाने शिकवलं होतं. खोल पाण्यात गेलं की तो शीड उतरवायला लावायचा आणि वल्ही आत घ्यायला सांगायचा. मग हळूच पाण्यात उतरून एका हाताने माझा काठ धरायचा आणि डोकं पाण्याखाली घालायचा. वर सगळे चिडीचूप. कोणाला खोकला आला तर तो तोंडात कापड कोंबायचा. खाली ढोमे मासे कुरकुरत असायचे, छोट्या मासळीची झुंड कढईतल्या तेलासारखी चुरचुरायची. कोणती मासळी, किती, कुठे तोंड करून चालली आहे, हे सेमानला त्यावरून कळे. मित्रांनो, माझ्या फळ्यांमधून मलाही ते ऐकू येई. आम्ही दोघं मिळून ऐकत होतो, असंच मला कायम वाटत आलं.

त्याच्याबरोबर वल्ह्यावर जुसोह असायचा. भारी तोंडाळ माणूस. सेमान पाण्यातून वर आला रे आला की विचारायचा, "काय म्हणतात मासे? सासूबाईंची तब्येत बरी आहे ना?" कधीकधी सेमान वर येऊन नुसती मान हलवायचा. "आज नको. पोटुशी आहेत." जाळं न टाकताच परत फिरायचं. जुसोह चडफडायचा. "दर्यात आलोय का बाळंतपणं करायला? माशांची सुईण झालास की रे तू!" पण वल्हं मारायला तोच पहिला बसायचा.

संध्याकाळी किनाऱ्याला लागलो की सेमान नारळाच्या करवंटीने माझ्या पोटातलं उरलंसुरलं पाणी काढायचा. फडक्याने पुसायचा. मग तळावर पालथा हात ठेवून विचारायचा, "कोरडी आहेस ना गं?" मी कोरडी असायचे. त्याच्या हाताला ते कळायचं, तरी विचारल्याशिवाय तो घरी जात नसे.

त्याची बायको कल्सुम मला सवत म्हणायची. किनाऱ्यावरूनच ओरडायची, "सवतीला न्हाऊमाखू घालून झालं असेल तर घरी या! भात गार झाला!" उत्तरेचा वारा सुटून दर्या बंद झाला की माझ्या फटींतली जुनी साल काढून नवी भरायचं काम असे. तेव्हा साल सोलायला तीच बसायची. "बघा, सवतीचं अंग रगडायलासुद्धा मीच," असं म्हणत ती हातोडी अशी नेमकी मारायची की सेमानलाही तशी जमत नसे. त्यांची मुलगी सोपियाह तेव्हा माझ्या पोटातच झोपलेली असायची, नारळाच्या झावळीच्या सावलीत. ते माझे सुखाचे दिवस. तेव्हा पर्यावरणस्नेही हा शब्द आमच्या गावात कोणी ऐकला नव्हता.

पुढे सोपियाह शिकायला शहरात गेली आणि इकडे नदीच्या वरच्या अंगाला डोंगर कापायला सुरुवात झाली. मोठाली यंत्रं आली. चेंगाल असो, दुसरं काही असो, सरसकट आडवं केलं. ते लाकूड होड्यांसाठी नव्हतं. ते जहाजांत भरून कुठल्या कुठे जायचं. डोंगर बोडका झाला आणि त्या वर्षीच्या वाऱ्यापावसात नदी लाल होऊन खाली आली. पाणी कसलं, नुसता चिखल. सेमानने मला नारळांच्या रांगांमधून घरांपर्यंत नेलं. आम्ही म्हाताऱ्याकोताऱ्यांना छपरांवरून उतरवून घेतलं. कल्सुम शेळी सोडायला मागे गेली होती. घराखालचा काठच खचला.

पाणी ओसरल्यावर ती सापडली. तिला माझ्यातच निजवून आणलं. सेमानच्याने वल्हं धरवेना, जुसोहने मारलं. सेमानचा तळहात सबंध वाटभर माझ्या तळाला होता. त्या दिवशी त्याने मला काही विचारलं नाही. माझ्या पोटात लाल पाणी होतं.

सोपियाहला आईचं तोंडही पाहायला मिळालं नाही. ती पोचली तेव्हा दफन उरकलं होतं. माझ्या काठावर बसून ती एवढंच म्हणाली, "डोंगर बोडका केला म्हणून आई गेली." ते खरंच होतं, मित्रांनो. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

शिक्षण संपवून ती गावात परत आली ती तो शब्द घेऊनच. तिच्याबरोबर शहरातल्या एका संस्थेची माणसं होती. त्यांनी किनाऱ्यावरच्या मासळीच्या शेडमध्ये सगळ्या कोळ्यांना बोलावलं. मी शेडच्या पायरीलाच बांधलेली असल्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"एक होडी म्हणजे एक चेंगाल," सोपियाह म्हणाली. "तेवढं झाड वाढायला माणसाच्या किती पिढ्या जातात! फायबरच्या होडीला झाड लागत नाही. ती पर्यावरणस्नेही आहे."

"काय आहे म्हणालीस?" जुसोहने विचारलं.

"पर्यावरणस्नेही, काका. म्हणजे निसर्गाची मैत्रीण."

"मग आमची ही कोण? निसर्गाची सासू?"

शेड हसून हसून कोसळायची बाकी राहिली. सोपियाह हसली नाही. "काका, माझी आई गेली," ती म्हणाली.

मागून कोणीतरी खवचटपणे बोललं, "दुसऱ्याला शिकवायच्या आधी पोरीने बापाला शिकवावं म्हणजे झालं. देरामानच्या कारखान्यात चेंगालची फळी कोणासाठी कापून ठेवली आहे, ते विचारा तिला."

ती फळी माझ्यासाठी होती. पुरात एका खांबावर आपटून माझ्या उजव्या अंगाची फळी पिचली होती. ती बदलल्याशिवाय मला खोल पाण्यात नेण्यात अर्थ नव्हता. सोपियाहला ते माहीत नव्हतं. तिचा चेहरा एवढासा झाला. सगळ्यांच्या माना सेमानकडे वळल्या.

सेमान उठला. "ती फळी नको," तो म्हणाला. "देरामान, तिचा दुसरा काही उपयोग कर. मी फायबरची घेईन."

सभा संपल्यावर देरामान तरातरा माझ्याकडे आला. पाठोपाठ सेमान. "डोकं फिरलंय का तुझं?" देरामान कडाडला. "झाड केव्हाच पडलंय! आता तू फळी बसवली नाहीस म्हणून ते परत उभं राहणार आहे का?"

"झाड नाही रे उभं राहायचं," सेमान म्हणाला. "पोर उभी राहील."

देरामान आला तसाच तरातरा निघून गेला. मला वाईट वाटलं, पण सेमानचा राग नाही आला. सोपियाहचाही नाही. तिला मी माझ्याच पोटात झोपवलं होतं.

मला वर ओढून बदामाच्या झाडाखाली ठेवलं. गावातल्या माझ्यासारख्या बाकीच्या होड्यांची फाटी करून चुलीत घातली. मी तेवढी वाचले, कारण सेमान मला विसरला नाही. आमच्याकडे शुक्रवारी कोणी समुद्रावर जात नाही. दुपारचा नमाज झाला की तो पत्र्याची बादली घेऊन यायचा. त्या बादलीची कडी चालताना कुरकुरायची. लांबून ती कुरकुर ऐकू आली की मला समजायचं, आला माझा माणूस. तो समुद्राचं पाणी भरून आणायचा आणि माझ्या एकेका फळीवर निगुतीने ओतायचा. "तहान लागली होती ना गं?" मग आत हात घालून तळ चाचपायचा. "कोरडी आहेस ना गं?" आणि जाताना हळू आवाजात, कोणी ऐकू नये असं म्हणायचा, "थोडी कळ काढ. पोरीचं दुःख जरा निवू दे. मग एकदा तरी तुला पाण्यात नेईन. शेवटचं ऐकून येऊ आपण."

मित्रांनो, एवढंच मागणं होतं आमचं दोघांचं. एकदा पाण्यात जायचं. त्या आशेवर मी फळ्या घट्ट धरून पडून राहिले.

फायबरच्या होड्या दिसायला देखण्या होत्या, खोटं कशाला बोलू? निळ्या, पिवळ्या, गुळगुळीत. त्यांना इंजिनं होती. सगळ्या दर्यात घरघर सुरू झाली. जुसोह येऊन मला सांगायचा. आता तोही म्हातारा होत चालला होता. म्हणाला, "तुझ्या मालकाने आज नव्या होडीतून पाण्यात डोकं घातलं. वर आला. मी विचारलं, काय म्हणतात मासे? तर म्हणतो, इंजिन बंद करा म्हणतात." जुसोह आधी हसला आणि मग माझ्या काठावर डोकं टेकून बसला. त्यानंतर सेमानने पाण्यात डोकं घालणंच सोडलं. ढोमे असतील तिथे जाळं, नसतील तिथे जाळं. पोटुशी आहेत की नाहीत हे विचारणारं कोणी राहिलं नाही.

वर्षं गेली. उन्हाने त्या देखण्या होड्यांना तडे गेले. देरामानला बोलावलं, पण त्याच्या हातोडीला त्या दाद देईनात. मग लोक नवीन घेऊ लागले आणि जुन्या खाडीतल्या झाडीमागे ढकलून देऊ लागले. त्या जाळाव्या तर घशात विष जायचं. पुराव्या तर तशाच्या तशा. त्यांची काचेसारखी बारीक भुकटी चिखलात मिसळली. तिथे शिंपले काढणाऱ्या बायकांच्या हातांना खाज सुटायची, रक्त निघेपर्यंत खाजवायच्या बिचाऱ्या. एक दिवस सोपियाह तो ढीग पाहून आली आणि माझ्या पिचलेल्या फळीला पाठ लावून बसली. तिच्याही केसांत आता पांढरं दिसत होतं. "मी काय करून बसले गं?" ती म्हणाली. बापाला विचारायची लाज वाटली असेल, म्हणून मला विचारलं. तिला जवळ घ्यावंसं फार वाटलं मला.

तेव्हापासून तिच्या मनाने घेतलं की झालं गेलं निस्तरायचं. त्याच सुमारास किनाऱ्यावर हे हॉटेल उभं राहिलं. त्याचा मॅनेजर एकदा फिरत फिरत बदामाच्या झाडाखाली आला आणि मला पाहून थबकला. माझ्या खुंट्यांवरून बोट फिरवत म्हणाला, "लाकूड, साल, लाकडाच्या खुंट्या! प्लास्टिकचा कण नाही. ही खरी पर्यावरणस्नेही वस्तू!" शब्द तोच होता आणि मीही तीच होते. पण या वेळी तो माझ्या बाजूने बोलत होता. सोपियाह जवळच होती. तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू! जणू तिला कोणी माफी दिली.

त्या शुक्रवारी बापलेक दोघं माझ्यापाशी आले. सेमानची बादली आता अर्धीच भरलेली असायची. गुडघे गेले होते त्याचे.

"आयाह, ते हिला जपतील," सोपियाह वडिलांना समजावत होती. "सावलीत ठेवतील. तेलपाणी करतील. तुमचं नाव लिहितील."

"नाव कशाला हवंय?" सेमान म्हणाला. "पाण्यात ठेवतील का?"

"तळं आहे त्यांच्याकडे. मी विचारून घेतलंय. आणि तुम्ही वाटेल तेव्हा या म्हणाले."

सेमान बराच वेळ माझ्या काठावरून हात फिरवत राहिला. "माझ्यामागे हिला पाणी कोण घालणार," तो अखेर म्हणाला. "ने बाई. निदान पाण्यात तरी राहील."

मित्रांनो, मला ट्रकवर चढवलं तेव्हा मी आनंदात होते. तळं तर तळं! गोडं पाणी तर गोडं पाणी! पाठीला पाणी लागणार होतं. एखाद्या शुक्रवारी सेमान येईल, माझा काठ धरून पाण्यात डोकं घालेल. मासे नसले तरी काय, आम्ही दोघं नुसतं ऐकू.

तळं खरंच होतं. त्यात कमळं होती आणि रंगीत मासे होते. त्यात मी मावेना. टोक आत गेलं तर शेपूट बाहेर. मॅनेजरने जरा विचार केला आणि मला अंगणात सिमेंटच्या ओट्यावर ठेवायला सांगितलं. मग माळ्याला सांगितलं, "हिच्यात बाग करू. खाली भोकं पाड, पाणी निचरायला हवं."

माळी आमच्याच किनाऱ्यावरचा. त्याच्या आज्याची होडी मी पाहिली होती. तो घुटमळला. "साहेब, होडीला भोक?"

"आता ती होडी थोडीच आहे?" मॅनेजर म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. मुळं कुजू नयेत एवढंच त्याच्या मनात होतं.

पहिलं भोक पडलं तेव्हा माझ्या पोटातून चेंगालचा ताजा भुसा बाहेर आला. इतक्या वर्षांनंतरही त्याला जंगलाचा वास होता. जन्मभर मी एकच काम केलं होतं, पाणी बाहेर ठेवायचं. देरामानने त्यासाठी डोळे बारीक केले, कल्सुमने त्यासाठी साल ठोकली, सेमानने त्यासाठी बादल्या वाहिल्या. आणि आता पाणी जावं म्हणून मला भोकं पाडली. नंतर माती पडली. लाल माती होती, डोंगरावरून आणलेली.

सेमान आजारी होता, म्हणून लगेच आला नाही. कित्येक शुक्रवार मी वाट पाहिली. मग एके दिवशी फाटकाशी तीच कुरकुर! बादलीची कडी! त्याने वाटेत समुद्रावर थांबून पाणी भरून आणलं होतं. सोपियाह त्याला हाताला धरून आणत होती, पण बादली त्याने तिला घेऊ दिली नव्हती. तो आधी तळ्याकडे गेला. तिथे मी नव्हते. त्याने इकडे तिकडे पाहिलं. मी बोगनवेलीच्या आड होते, मला हाक मारता येत नव्हती. सोपियाहला मी आधी दिसले. ती जागच्या जागी थिजली.

सेमान जवळ आला. फुलं बाजूला सारून त्याने माझ्या टोकावर हात ठेवला आणि सवयीने बादली उचलली. तेवढ्यात मॅनेजर धावत आला. वडीलधाऱ्या माणसाला आमच्याकडे पाक म्हणतात, तशीच आदराने हाक मारली त्याने.

"पाक, थांबा, थांबा! ते समुद्राचं पाणी आहे ना? खारं पाणी ओतू नका. झाडं मरतील. आपली बाग पर्यावरणस्नेही आहे, पाक. इथे असं काही चालत नाही."

पाहा मित्रांनो, तिसऱ्यांदा आला तो शब्द. या वेळी तो माझ्यासाठी नव्हता, माझ्या सेमानसाठी होता. ज्याने पोटुशा माशांवर कधी जाळं टाकलं नाही, त्या माणसाला बादलीभर पाण्यावरून निसर्गाशी कसं वागावं ते सांगितलं गेलं. त्याला तो शब्द नीट कळलाही नसेल. झाडं मरतील एवढंच कळलं. त्याने बादली खाली ठेवली.

मग तो ओट्याशी वाकला, गुडघे टेकले आणि हात माझ्याखाली घातला. आत माती होती, म्हणून खालून. सकाळीच झाडांना पाणी घातलेलं होतं. भोकातून थेंब थेंब गळत होतं. त्याच्या तळहातावर लाल पाणी जमा झालं. तो त्या पाण्याकडे बघत राहिला. सोपियाहने वाकून पाहिलं, एका भोकात बोट घातलं, आणि तिच्या तोंडून आवाज फुटला. लहानपणी माझ्या पोटात दचकून उठली की रडायची तसा.

"हे काय केलंत तुम्ही? होडी आहे ती!"

"निचरा व्हायला नको का?" मॅनेजर गोंधळून म्हणाला.

ती बापाकडे वळली. "आयाह, मी चांगल्यासाठीच केलं हो."

"मला ठाऊक आहे, पियाह," सेमान म्हणाला. "दोन्ही वेळा तू चांगल्यासाठीच केलंस."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिने डोळे पुसले आणि झटकन बादली उचलली. "मी ओतते. मरू देत झाडं!"

सेमानने तिचा हात धरला. "नको. त्यांनी काय केलंय?" मग त्याने बादलीत हात बुडवला आणि ओल्या तळव्याने माझी बाहेरची बाजू पुसायला लागला. आधी टोक, मग एकेक फळी, शेवटी ती पिचलेली. एक थेंबही मातीत पडू दिला नाही. "तहान लागली होती ना गं?" तो म्हणाला. मी वाट पाहत होते. त्याने दुसरं काही विचारलं नाही. कल्सुमला आणलं तो दिवस सोडला, तर जन्मात पहिल्यांदाच तो मला विचारल्याशिवाय निघाला. उरलेलं पाणी त्याने तिथे सांडलं नाही. तशीच बादली घेऊन, लंगडत, समुद्राकडे गेला. कडीची कुरकुर फाटकाबाहेर गेली, रस्त्यापलीकडे गेली, मग ऐकू येईनाशी झाली.

त्यानंतर तो आला नाही. एका शुक्रवारी सोपियाह एकटी आली. डोक्यावर पांढरी ओढणी होती. तिने मला सांगायची गरज नव्हती, तरी तिने माझ्या फळीला कपाळ लावून सांगितलं. "आयाह गेले गं." हातात तीच बादली होती. आताही ती येते. फडकं भिजवते, माझी बाहेरची बाजू पुसते, फुलांना जपते. पण तळाला हात लावत नाही. तिला ते विचारवत नाही.

मित्रांनो, मी कोणावर रागावलेले नाही. झाडं वाचवा म्हणणारी पोर खरी होती आणि झाडांची मुळं जपणारा मॅनेजरही खरा होता. पण नवा शब्द आला की घरातलं जुनं लगेच बाहेर काढू नका. तोच शब्द फिरून आला की त्याच जुन्याला आत आणून त्यात फुलंही लावू नका. आधी त्याच्या माणसाला विचारा, ते कशावर जगतं. एवढं विचारायला फार वेळ लागत नाही. माझ्या बाबतीत उत्तर सोपं होतं, बाहेरून ओली आणि आतून कोरडी.

आणि कधी आमच्या किनाऱ्यावर आलात, तर माझ्याशेजारी फोटो खुशाल काढा. फक्त जाण्याआधी जरा वाका, माझ्या तळाला हात लावा, आणि विचारा, "कोरडी आहेस ना गं?" तुमच्या हातावर पाणी गळेल. तरी मी हो म्हणेन.